लाकडी कॅबिनेटमधला संगणक: उष्णता, वीज आणि पावसाळा

1976 साली 'अ‍ॅपल-1' हा संगणक विकत घेणाऱ्याच्या हाती फक्त एक तयार बोर्ड पडायचा. पेटी नाही, कीबोर्ड नाही, विजेसाठी लागणारे ट्रान्सफॉर्मरसुद्धा ज्याचे त्याने आणायचे. असे जेमतेम 200 बोर्ड तयार झाले आणि ते घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांना लाकडाच्या पेट्यांत बसवलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला अ‍ॅपल-1 अशाच हाताने केलेल्या लाकडी पेटीत आहे. हवाई बेटांवरच्या कोआ लाकडाच्या पेटीतला एक नग 2021 मध्ये लिलावात चार लाख डॉलरवर गेला. त्याही आधी, 1960 च्या दशकात डग्लस एंगलबर्टच्या प्रयोगशाळेत बनलेल्या पहिल्या माउसचं कवचही लाकडाचंच होतं.

पुढे पत्रा आणि प्लॅस्टिक आलं आणि ही ओळख पुसली गेली. आज कुणी संगणकासाठी प्लायवूडचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, करायला घेतलं की घरातले दोन प्रश्न हमखास विचारतात: तापणार नाही का? आणि पेटणार नाही का? प्रश्न रास्त आहेत. पण माझ्या मते लाकडी कॅबिनेटची खरी अडचण उष्णतेची नाहीच, ती विजेची आहे. आणि आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर पडते.

आधी उष्णता. पोलाद उष्णता वाहून नेण्यात लाकडापेक्षा काहीशे पट सरस आहे. त्यामुळे पत्र्याचं कॅबिनेट आतली उष्णता बाहेर टाकतं आणि लाकडाचं ती कोंडून ठेवतं, असं वाटणं साहजिक आहे. हिशोब मांडला की चित्र बदलतं. नेहमीच्या उभ्या कॅबिनेटचं सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ साधारण पाऊण चौरस मीटर भरतं. आतली हवा खोलीपेक्षा 10 अंशांनी गरम आहे असं धरलं, तर पत्र्याच्या भिंतींतून सुमारे 30 वॅट उष्णता बाहेर पडते. त्याच मापाच्या 12 मिलिमीटर जाड प्लायवूडमधून पडते साधारण 23 वॅट. फरक अवघा सात वॅटचा!

काहीशे पट सरस असलेला पत्रा इथे फारसा पुढे का जात नाही? कारण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटून असतो आणि हवा लाकडापेक्षाही उष्णतारोधक आहे. उष्णतेची वाट अडते ती या दोन थरांपाशी. मधल्या भिंतीत पत्रा असो वा प्लाय, त्याने एकूण अडथळ्यात थोडीच भर पडते.

गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगचा संगणक जोरात चालू असताना 300 वॅट सहज खातो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे भिंती कशाच्याही असल्या तरी नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता वाहत्या हवेलाच न्यावी लागते. आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत 10 अंशांहून जास्त तापू नये असं ठरवलं, तर दर सेकंदाला सुमारे 25 लिटर हवा पेटीतून जायला हवी. 120 मिलिमीटरचा एक पंखा कागदावर एवढी हवा देतो खरा, पण धुळीची जाळी, वायरींचा गुंता आणि अरुंद वाट यांत त्यातली निम्मी मारली जाते. म्हणून दोन पंखे आत हवा घेणारे आणि एक-दोन बाहेर टाकणारे ठेवावेत.

गरम हवा वर जाते, म्हणून वरच्या फळीला भोकं पाडली की काम झालं, असंही बरेच जण सांगतात. ती वर जाते हे खरंच, पण किती जोराने? अर्धा मीटरसुद्धा उंची नसलेल्या पेटीत 10 अंशांच्या फरकाने जो दाब तयार होतो, त्याच्या शंभरपट दाब एक साधा पंखा देऊ शकतो. तेव्हा पंखे हवेचा रस्ता ठरवतात, भोकं नाही. समोरून आत, मागून किंवा वरून बाहेर, आणि मध्ये काही आडवं नाही, एवढं जमलं की पुरे.

लाकडात काम करताना हौशी माणूस नेमका इथेच फसतो. सुंदर नक्षीची जाळी कोरतो, पण तिची मोकळी जागा पंख्याच्या तोंडाच्या अर्धीही भरत नाही. ती निदान पंख्याच्या तोंडाएवढी हवी, दीडपट असली तर उत्तम. शिवाय पत्र्यातलं भोक एक मिलिमीटर खोल असतं, प्लायमधलं 12 मिलिमीटर. भोकाच्या कडा दोन्ही बाजूंनी कानशीने घासून गोल केल्या की हवा कमी अडखळते आणि पंख्याचा आवाजही उतरतो.

आता पेटण्याचं. जोरात चालणारी चिप 80-90 अंशांपर्यंत जाते, पण बाहेर पडणारी हवा क्वचितच 50 अंशांच्या वर असते. लाकूड पेट घ्यायला अडीचशे-तीनशे अंशांच्या वरचं तापमान लागतं. रोजच्या उष्णतेने कॅबिनेट पेटत नाही. धोका असतो तो सैल कनेक्टरवरच्या ठिणगीचा किंवा एसएमपीएसमधल्या, म्हणजे मेन्सची वीज संगणकाजोगी करून देणाऱ्या भागातल्या, बिघाडाचा. म्हणूनच एसएमपीएसची पत्र्याची डबी कधीही उघडू नये. तिच्या आत 300 व्होल्टच्या वर भारलेला कपॅसिटर असतो आणि तीच डबी आतली ठिणगी लाकडापर्यंत पोहोचू देत नाही.

मुद्दा विजेचा आहे तो असा. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डावर, सेकंदाला अब्जावधी वेळा विद्युतदाब वरखाली होत असतो आणि प्रत्येक तार थोडीफार अँटेनासारखी वागते. पत्र्याची पेटी या लहरी आत अडवते. लाकडातून त्या सरळ आरपार जातात. 1977 साली आलेला 'टीआरएस-80' हा प्लॅस्टिकच्या पेटीतला संगणक एवढी खरखर पसरवायचा, की काही गेम लिहिणाऱ्यांनी शेजारी रेडिओ ठेवायला सांगून त्या खरखरीतूनच आवाज काढून घेतले. अमेरिकेत रेडिओ-व्यत्ययाचे नियम कडक झाले आणि ते मॉडेल 1981 च्या सुरुवातीला बंद करावं लागलं.

हाच गुण दुसरीकडे वरदान ठरतो. क्योतो विद्यापीठ आणि सुमितोमो फॉरेस्ट्री यांनी मॅग्नोलियाच्या लाकडाचा 'लिग्नोसॅट' हा 10 सेंटिमीटरचा उपग्रह केला. नोव्हेंबर 2024 मध्ये तो अवकाश स्थानकाकडे रवाना झाला. लाकूड लहरींना अडवत नाही, त्यामुळे अशा उपग्रहाची अँटेना पेटीच्या आत ठेवता येते. घरच्या कॅबिनेटमध्येही वाय-फायची अँटेना आत लपवायची सोय त्यामुळेच होते.

बाकी लहरींचं काय करायचं? आतून अ‍ॅल्युमिनियमचं अस्तर लावायचं. या वारंवारतेच्या लहरी धातूत फार खोल शिरत नाहीत. 1 गिगाहर्ट्झला अ‍ॅल्युमिनियममध्ये त्या तीनेक मायक्रॉनमध्येच मंदावतात, म्हणून पोळ्या गुंडाळायची फॉइलसुद्धा त्यांना पुरून उरते. पण ती फाटते, आणि सुटलेला तुकडा बोर्डावर पडला तर शॉर्ट होतो. पातळ पत्रा किंवा नीट चिकटवलेली जाड फॉइलच वापरावी. तुकडे एकमेकांना धातूने जोडलेले हवेत आणि सगळं अस्तर एसएमपीएसच्या डबीला. वाय-फायची अँटेना मात्र अस्तराच्या बाहेर, लाकडाच्या लगत. पंख्यासमोर धातूची जाळी लावावी. एक-दीड सेंटिमीटरपेक्षा लहान भोकं 1 गिगाहर्ट्झच्या, म्हणजे 30 सेंटिमीटर लांबीच्या लहरींना जवळजवळ भिंतच वाटतात.

अर्थिंगकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्याचा अनुभव अनेकांना असेल. एसएमपीएसमध्ये व्यत्यय गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. सॉकेटला खरं अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्रा मेन्सच्या साधारण निम्म्या, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण तो जाणवतो. लाकडी कॅबिनेटला हात लावला तर काहीच जाणवत नाही आणि अर्थिंग नसल्याची ती एकमेव खूण नाहीशी होते. यूएसबीच्या धातूच्या तोंडावर आणि बाहेर डोकावणाऱ्या स्क्रूंवर मात्र तोच दाब असतो. तेव्हा करवत हातात घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून तर मुळीच घेऊ नका.

या सगळ्याला एक सोपा उपाय आहे. भंगारवाल्याकडून जुनं कॅबिनेट आणायचं, त्यातली मदरबोर्डची पत्र्याची प्लेट आणि मागची बाजू कापून घ्यायची आणि भोवती लाकूड उभं करायचं. मदरबोर्ड पितळी स्टँडऑफवर, म्हणजे त्याला पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या छोट्या खुंट्यांवर, बसतो; त्याचं पत्र्याशी नातं आपोआप जुळतं. आणखी एक फायदा होतो. बोर्डाची मागची तोंडं मिलिमीटरभर पत्र्यासाठी आखलेली असतात. तिथे 12 मिलिमीटरचा प्लाय आला तर एचडीएमआयची पिन आत पोहोचतच नाही. बाजारातली कॅबिनेटंही हेच करतात. फ्रॅक्टल डिझाइनच्या 'नॉर्थ'मध्ये अक्रोड किंवा ओकच्या पट्ट्या फक्त दर्शनी बाजूला आहेत, सांगाडा पत्र्याचाच आहे.

राहिला पावसाळा. लाकूड हवेतलं पाणी शोषतं आणि फुगतं, तेही सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच नाही, रुंदीत भरपूर. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतं, वलयांना आडवं 2.5 टक्के. उन्हाळ्यात 8 टक्के ओलावा असलेल्या सागाच्या फळीत कोकणातल्या जुलैत तो 16 टक्क्यांवर गेला, तर 45 सेंटिमीटर रुंदीची फळी सहा-सात मिलिमीटर वाढू शकते. ती चारही बाजूंनी फेविकॉल आणि स्क्रूने जखडलेली असेल, तर एकतर सांधा उघडतो किंवा फळी तडकते. जुन्या वाड्यांच्या दारांत दिलहा, म्हणजे मधली फळी, चौकटीच्या खाचेत सैल बसवलेला असायचा, तो याचसाठी. सागाचा हट्ट असेल तर कॅबिनेटची बाजूही तशीच करावी: चौकट पक्की, मधली फळी खाचेत मोकळी, गोंद न लावता.

मी स्वतः प्लायवूडच सुचवेन. त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे एका थराचं फुगणं शेजारचा थर रोखतो. एमआर (थोडीफार ओल सोसणाऱ्या) प्रतीपेक्षा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारा) किंवा मरीन प्लाय घ्या, विशेषतः किनारपट्टीवर राहत असाल तर. आणि पॉलिश दोन्ही अंगांना सारखंच करा. कॅबिनेटची आतली बाजू गरम म्हणून कोरडी राहते, बाहेरची दमट. आतलं अंग उघडं राहिलं तर ते आणखी वाळून आकसतं आणि फळी आतल्या बाजूला वाटीसारखी वळते. पत्र्याचं अस्तर चढवायचं असलं तरी त्याखाली आधी पॉलिशचे दोन हात द्यावेत.

कापणं, भोकं पाडणं आणि घासणं संपल्याशिवाय, पॉलिशचा वास पूर्ण गेल्याशिवाय एकही पार्ट आत बसवू नये. भुसा पंख्याच्या बेअरिंगमध्ये शिरतो. सगळं जोडून झालं की दोन साधे थर्मामीटर घ्यायचे, एक हवा आत येते तिथे आणि एक बाहेर पडते तिथे. अर्धा तास संगणक जोरात चालवून दोन्ही वाचायचे. फरक 10-12 अंशांत असेल तर काम जमलं. 15 च्या वर गेला तर आधी समोरच्या जाळीची भोकं मोठी करा, पंखा वाढवायचा विचार त्यानंतर.