आइस हॉकीतला प्रतिहल्ला आणि मधली तांबडी रेघ

फलटण तालुक्याला हॉकी नवी नाही. आसूची वैष्णवी फाळके हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. सकाळी मैदानावर गेलात तर दिसेल: आपल्या गोलासमोरच्या 'डी'त चेंडू हिसकावणारी पोर मान वर करायच्या आत पुढच्या दोघी धावत सुटलेल्या असतात आणि काठावरून हाळी येते, "पुढं काढ!"

आइस हॉकीत हाच बचावातून हल्ल्यात शिरण्याचा क्षण फार काळ नियमांनी अडवून ठेवला होता. ३ मार्च १८७५ ला मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकवर पहिला बंदिस्त सामना झाला, बाजूला नऊ-नऊ खेळाडू. रग्बीसारखीच पुढे पास द्यायला बंदी होती. चकती, म्हणजे इथला चेंडूच, न्यायची ती स्वतः, स्केट्सवर. १९२८-२९ च्या हंगामात तर जॉर्ज हेन्सवर्थ या गोलरक्षकाने ४४ पैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. लोक कंटाळणार नाहीत तर काय! पुढच्याच हंगामात एनएचएलने, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, दोन निळ्या रेषांनी पडणाऱ्या मैदानाच्या तिन्ही पट्ट्यांत पुढचा पास मोकळा केला आणि गोल जवळपास दुप्पट झाले.

तरी एक अडचण उरलीच. पास निळ्या रेषेपलीकडे देता येत नव्हता. समोरचे पाच जण तुमच्या पट्ट्यात घुसून बसलेत, चकती तुम्ही हिसकावलीत, पण बाहेर काढायची ती स्वतः स्केटिंग करतच. त्यातून सुटका व्हावी म्हणून १९४३-४४ मध्ये मैदानाच्या मधोमध तांबडी रेघ आखली गेली. न्यूयॉर्क रेंजर्स संघाचे प्रशिक्षक फ्रँक बाउचर यांचा त्यात मोठा वाटा. आता बचावपटू आपल्या पट्ट्यातून थेट मध्यरेषेपर्यंत पास देऊ शकत होता. माझ्या मते प्रतिहल्ल्याचा खरा जन्म इथला, जोरकस फटक्यांतला नव्हे.

१९७२ मध्ये सोव्हिएत संघ कॅनडाविरुद्धच्या मालिकेसाठी मॉन्ट्रियलला आला. सुरुवातीलाच दोन गोलांनी मागे पडूनही त्याने कॅनडाला ७-३ असं हरवलं. अनातोली तारासोव यांनी रुजवलेल्या त्या शैलीत चकती घाईने पुढे भिरकावत नसत. वाट बंद दिसली की मागे द्यायची, पुन्हा जुळवाजुळव करायची आणि मग पाचही जणांनी एकदम निघायचं. मालिका शेवटी कॅनडानेच जिंकली, पण त्यांच्या प्रशिक्षकांच्या मनात ते पास बसले.

पुढे ज्या रेघेने वाट काढून दिली, तीच आडवी आली. निळी आणि तांबडी अशा दोन रेघा ओलांडणारा पास बाद ठरत असल्याने बचाव करणाऱ्यांना मधला पट्टा कोंडणं सोपं होतं. १९९५ मध्ये न्यू जर्सीने याच सापळ्याने डेट्रॉइटला अंतिम मालिकेत चार सामन्यांनी ४-० असं नमवून एनएचएलचा स्टॅनले चषक नेला. आंतरराष्ट्रीय महासंघाने दोन रेघांची अट १९९८ मध्ये काढली, एनएचएलने २००५-०६ मध्ये. रेघ अजून आहे. लांब पास तिच्यावरून निघून जातो.

आपल्या हॉकीतलाही ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पुढे जाऊन पासची वाट पाहायला असलेली मनाई, नव्वदच्या दशकात गेला. फलटणची फॉरवर्ड पलीकडच्या तेवीस मीटरच्या रेषेवर निवांत उभी राहून पासची वाट पाहू शकते, ती त्यामुळेच.