विज्ञानातल्या पीएचडीसाठी संशोधन निवेदन: कोकणातल्या अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि मजकूर

पीएचडीच्या ऑनलाइन अर्जात नाव, मार्क, जन्मतारीख, प्रवर्ग हे सगळं भरून होतं आणि मग एक रकाना येतो: रिसर्च स्टेटमेंट अपलोड करा, पीडीएफ, जास्तीत जास्त दोन पानं. रत्नागिरी, सावंतवाडी, महाड, अलिबाग, कुठूनही अर्ज भरा, गाडी इथेच अडते. मग कुणाचं तरी जुनं निवेदन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचं, नाव-गाव बदलायचं आणि चिकटवायचं. अर्ज जातो, मुलाखतीचं पत्रही कधीकधी येतं. पण मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात तीच दोन पानं असतात. ती म्हणजे तुमची प्रश्नपत्रिका, आणि ती तुम्हीच काढलेली असते. या लेखात बाकीची प्रक्रिया थोडक्यात आहे आणि या दोन पानांबद्दल जास्त.

पात्रता

यूजीसीची पीएचडीसाठीची सध्याची नियमावली २०२२ ची आहे. तिच्याप्रमाणे पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के किंवा तितकी ग्रेड लागते. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सवलत मिळते. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला जायचं असेल तर ७५ टक्के हवेत. अभ्यासक्रम कमीत कमी तीन वर्षांचा, जास्तीत जास्त सहा. एमफिल बंद झालं आहे, त्यामुळे कुणी ‘आधी एमफिल कर’ असा सल्ला दिला तर तो जुना समजा.

विज्ञान शाखेसाठी मुख्य परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. तिचे पाच विषय: रसायन, भौतिक, गणित, जीवविज्ञान, आणि पृथ्वी-वातावरण-महासागर-ग्रह विज्ञान. समुद्रावर काम करायचं म्हणून प्राणिशास्त्राची मुलं कधीकधी पाचवा विषय निवडायला निघतात. त्याचा अभ्यासक्रम आधी उघडून बघा, त्यात भूविज्ञान आणि हवामानशास्त्र भरपूर आहे. तिसऱ्या (म्हणजे खाडीतले खायचे शिंपले), मासे, शेवाळ यांवर काम करणाऱ्याला बहुधा जीवविज्ञानच सोयीचं. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापक व पीएचडी, आणि फक्त पीएचडी. जेआरएफ मिळालेल्यांना मुलाखतीवर प्रवेश मिळतो. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि पीएचडी प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात.

याखेरीज गेट आहे, भौतिकशास्त्रासाठी जेस्ट आहे, टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, स्वतःची परीक्षा आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून एमएफएस्सी (मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) झालेल्यांचा रस्ता वेगळा, त्यांनी आयसीएआरची, म्हणजे कृषी संशोधन परिषदेची, पीएचडी प्रवेश परीक्षा बघावी. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयओत, पीएचडीची नोंदणी एसीएसआयआर या अकादमीमार्फत होते. सिंधुदुर्गातल्या मुलांना ही संस्था मुंबईपेक्षा जवळ आहे, तरी पहिला अर्ज मुंबईलाच जातो. का, देव जाणे.

नेमकं काय मागितलंय

एकाच अर्जात तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी काहीही मागितलेलं असू शकतं. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये तुम्ही आजवर काय केलं, पुढे काय करायचं आणि इथेच का, हे येतं. रिसर्च स्टेटमेंटमध्ये भर केलेल्या कामावर आणि त्यातून निघालेल्या प्रश्नावर. रिसर्च प्रपोजल म्हणजे पुढच्या कामाचा आराखडा: प्रश्न, पद्धत, वेळापत्रक, संदर्भ. अमेरिकी विद्यापीठं कित्येकदा पर्सनल स्टेटमेंटही वेगळं मागतात. घरची परिस्थिती, शिक्षणातल्या अडचणी यांची जागा तिथे, संशोधनाच्या निवेदनात नाही. शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळा.

एक उदाहरण

समजा, एका मुलीने प्राणिशास्त्राच्या एमएस्सीचा प्रकल्प रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीत तिसऱ्यांवर केला आहे. तिच्या निवेदनाचा पहिला मसुदा असा येतो:

‘मी कोकणात समुद्रकिनारी वाढले. लहानपणापासून मला समुद्री जीवांची आवड आहे. कोकणाला समृद्ध जैवविविधता लाभली आहे. आपल्या नामांकित संस्थेत संशोधन करून देशसेवा करण्याची माझी इच्छा आहे.’

चारही वाक्यं खरी असतील. पण यातल्या एकाही वाक्यावर समोरच्याला प्रश्न विचारता येत नाही. मग तो पाठ्यपुस्तकातलं काहीतरी विचारतो, आणि तुमचं खरं काम बाजूलाच राहतं. आता हाच परिच्छेद असा लिहून बघा:

‘ऑगस्ट ते जानेवारी दर महिन्याला मी खाडीत दोन ठिकाणी ओहोटीला तिसऱ्यांचे नमुने घेतले. पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने आणि शिंपल्याची लांबी व्हर्नियरने मोजली. पावसाळ्यात दोन्ही ठिकाणी मोठ्या आकाराच्या तिसऱ्या कमी झाल्या. त्या गोड्या पाण्याच्या लोंढ्याने मेल्या की खाण्या-विकण्यासाठी काढल्या गेल्या, हे माझ्या नमुन्यांवरून सांगता येत नाही, कारण दोन्ही ठिकाणी लोक तिसऱ्या काढतात.’

शेवटचं वाक्य मुलं हमखास खोडतात. आपल्या कामातली उणीव आपणच का सांगायची, असं त्यांना वाटतं. पण निवेदनाचा जीव त्याच वाक्यात आहे, कारण पुढचा प्रश्न तिथूनच निघतो. जिथे कुणी तिसऱ्या काढत नाही अशी तिसरी जागा घेतली तर? जागेवर मेलेल्या तिसरीची शिंप गाळात उरते, काढून नेलेलीची उरत नाही. मग रिकाम्या जोडशिंपा मोजून मरतूक आणि काढणी वेगळी करता येईल का? प्रयोगशाळेत टाकीतल्या पाण्याची क्षारता पायरीपायरीने उतरवली तर कोणत्या आकाराच्या तिसऱ्या किती दिवस तग धरतात? एवढं मांडलं की पीएचडीचं पहिलं वर्ष कसं जाईल ते वाचणाऱ्याला दिसतं. मुलाखतीत प्रश्न येईल तो ‘रिकाम्या शिंपा लाटांनी वाहून गेल्या तर काय कराल?’ असा. यावर तुम्ही महिनाभर विचार केलेला असेल तर उत्तर सुचतंच. नसेल सुचलं तरी बोलणं तुमच्या खाडीवर चालू राहतं.

खाडीत रोज उतरणाऱ्या बायकांनी एखादी गोष्ट सांगितली असेल, उदाहरणार्थ अमुक पुळणीवरच्या तिसऱ्या पावसाळ्यातही टिकतात, तर ती निवेदनात जरूर घ्या. निष्कर्ष म्हणून नको, जिच्यामुळे प्रश्न सुचला ती माहिती म्हणून, आणि कुणाकडून कळलं ते लिहून. परीक्षकांना हे खटकेल अशी भीती बाळगू नका.

प्रकल्प चौघांनी मिळून केला असेल तर ‘आम्ही’ कुठे आणि ‘मी’ कुठे हे स्पष्ट लिहा. नमुने मित्राने आणले आणि आकडेमोड तुम्ही केली, तर तसंच लिहा. संख्याशास्त्राची जी चाचणी वापरल्याचं लिहाल, ती का वापरली हे फळ्यावर सांगता आलं पाहिजे. न येणारी चाचणी निवेदनातून काढलेली बरी.

कोकणातले मोहाचे विषय

वेळासच्या कासव महोत्सवात स्वयंसेवक म्हणून काम केलं असेल तर ते चांगलंच आहे, पण ते संशोधन नाही. घरट्यातल्या तापमानावर ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लांचं लिंग ठरतं. हॅचरीत हलवलेल्या घरट्यांचं तापमान तुम्ही नोंदवलं असेल तर तिथून संशोधनाची गोष्ट सुरू होते. मात्र हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरट्याला हात लावायचा म्हणजे वनविभागाची परवानगी लागणार. मालवणच्या सागरी अभयारण्यातल्या प्रवाळांनाही हेच लागू, कांदळवनातही परवानगी विचारावीच लागते. प्रस्तावाच्या वेळापत्रकात परवानगीसाठी काही महिने धरलेत हे एका ओळीत लिहा. एवढ्याने वाचणाऱ्याला कळतं की या मुलाने प्रत्यक्ष जागेवर काम केलंय.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेबद्दलही असाच मोह होतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची मोजणी अलिबागला हलली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, ही गोष्ट सुरस आहे. पण नवीन पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेला अर्ज करताना ती पहिल्या परिच्छेदात लिहू नका, वेधशाळा त्यांचीच आहे. त्या नोंदींचा तुम्ही काय उपयोग केला किंवा करणार आहात, तेवढं लिहा. हापूसमधल्या साक्यावर (गर आतून पांढरट आणि आंबट होतो, त्यावर) किंवा गंधावर काम करायचं असेल तर पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, हापूसच्या गंधावर झालेलं काम वाचून मगच लिहायला बसा. आधी झालेलं कामच ‘नवीन कल्पना’ म्हणून मांडणं सगळ्यात महागात पडतं.

‘इथेच का’ या भागात संस्थेचं कौतुक नको. ज्या प्रयोगशाळेत जायचं तिचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचा आणि त्यातली कोणती पद्धत तुमच्या प्रश्नाला लागते ते लिहा. अर्जाआधी त्या प्राध्यापकांना छोटा ईमेल करून यंदा जागा आहे का ते विचारा. नियमानुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएचडी विद्यार्थी असू शकतात. जागाच नसेल तर उत्तम निवेदनही वाया.

निवेदन द्यायचं इंग्रजीत. पण पहिला मसुदा मराठीत लिहून आईला किंवा शेजारच्या बारावीतल्या मुलाला वाचून दाखवा. त्यांना प्रश्न कळला नाही तर गोंधळ विषयातला नसतो, मांडणीतला असतो. ते जमलं की इंग्रजी वाक्यं छोटी आणि साधी ठेवायला सोपं जातं.

शिफारसपत्रं

सहसा दोन किंवा तीन लागतात. लिंक थेट शिक्षकांच्या ईमेलवर जाते, त्यामुळे त्यांचा कॉलेजचा ईमेल चालू आहे ना ते आधी विचारून घ्या. त्यांना निवेदनाचा मसुदा आणि मार्कशीट सोबत द्या, निदान तीन आठवडे आधी. प्राचार्यांच्या नावाचा मोह टाळा. प्रयोगशाळेत तुमचं काम रोज पाहिलेल्या मॅडमचं पत्र जास्त कामाचं.

कागदपत्रं

दहावीपासूनच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र किंवा निकाल ताजा असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र, नेट किंवा गेटचं गुणपत्रक, फोटो, सही, ओळखपत्र, प्रकल्पाचा सारांश. हे सगळे देतात. घोळ होतो तो दाखल्यांत.

केंद्रीय संस्थांना, म्हणजे एनआयओ, आयआयटी, आयसर यांना, ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचं नॉन-क्रीमी लेयर तिथे परत येतं. जात केंद्राच्या यादीत आहे का तेही तपासा. एसईबीसीचा, म्हणजे मराठा आरक्षणाचा, दाखला राज्यापुरता आहे. केंद्रीय संस्थेत, निकषात बसत असाल तर, ईडब्ल्यूएसचा वेगळा दाखला काढावा लागतो. ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, शिवाय जमीन आणि घराच्या अटी आहेत, आणि दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो. म्हणून एप्रिल-मेमध्येच आपले सरकार किंवा सेतूमधून अर्ज टाका, जूननंतर दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात गर्दी उसळते. दहावीच्या मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल, किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा.

मुंबई विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर प्रवेशानंतर मायग्रेशन प्रमाणपत्र लागेल. परदेशासाठी विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट काढावी लागते. तिला वेळ लागतो, अर्जाच्या महिन्यात सुरुवात करून भागत नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सहसा एपीएस प्रमाणपत्रही (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं.

वेळापत्रक आणि पैसे

गेटचे अर्ज साधारण गणपतीच्या आगेमागे सुरू असतात. अमेरिकी विद्यापीठांच्या मुदती बऱ्याचदा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतात, म्हणजे निवेदन दिवाळीपर्यंत तयार हवं. शेवटच्या रात्री अपलोड करायचं ठरवू नका. आपल्याकडे वाऱ्या-पावसात लाईट गेली की टॉवरही जातो.

सीएसआयआर आणि यूजीसीची जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती, झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. नेटमधून जेआरएफ मिळाली नाही तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. या तिन्ही शिष्यवृत्त्यांना पीएचडीची पक्की नोंदणी झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही. विद्यापीठाच्या नोंदणीपत्रावर तारीख, विषय आणि गाईडचं नाव नीट आलंय का ते हातात पडल्यावर लगेच बघा, कारण पात्रता त्याच तारखेवरून मोजली जाते.