शीत फरसबंदी

उन्हात कमी तापणारा आणि सूर्यास्तानंतर लवकर निवणारा रस्ता, पदपथ किंवा वाहनतळ म्हणजे शीत फरसबंदी. नव्या डांबराचा परावर्तनांक, म्हणजे पडलेल्या उन्हापैकी परत फेकला जाणारा हिस्सा, सुमारे ०.०५ असतो; भर दुपारी दर चौरस मीटरवर पडणाऱ्या साधारण १,००० वॅट उन्हापैकी ९५० वॅट ते शोषून घेते. ती उष्णता रात्रभर बाहेर पडत राहते, आणि ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत खरा जाच त्या रात्रीचाच असतो.

नव्या काँक्रीटचा परावर्तनांक ०.३५ ते ०.४० भरतो, पण तो टिकत नाही. टायरचे रबर, तेल आणि धूळ बसते; वरची सिमेंटची साय झिजून खडी उघडी पडते, आणि इथली खडी काळ्या बेसाल्टची. जुने काँक्रीट ०.२० ते ०.३० वर उतरते. उलट डांबर वापराने फिकट होत ०.१० च्या पुढे जाते. त्यामुळे नव्या पृष्ठभागांचे आकडे धरून केलेला हिशेब फसवा ठरतो.

डांबरावर परावर्तक लेपही देतात. उन्हातील जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात असते. ती परतवणारी रंगद्रव्ये वापरली की करडा रंगही पुरतो. पांढऱ्यासारखे डोळे दिपत नाहीत. आधी भेगा भरायच्या, तेलाचे डाग काढायचे, पृष्ठभाग धुऊन पूर्ण वाळू द्यायचा, मग दोन पातळ हात. ओलसर डांबरावर दिलेला लेप पापुद्र्यांनी सुटतो, म्हणून पावसाळा संपून रस्ता खडखडीत वाळल्यावरच हे काम घ्यावे. ओल्या रस्त्यावरची पकडही तपासलीच पाहिजे. दुचाकीस्वारांच्या दृष्टीने ती तापमानाइतकीच महत्त्वाची.

मात्र रस्ता थंड झाला म्हणजे माणूस थंड झाला, असे नाही. अमेरिकेतील फिनिक्स शहरात २०२० पासून झालेल्या प्रयोगात लेपित रस्ते दुपारी सुमारे ६ अंश सेल्सियसने थंड आढळले, पण परतलेले ऊन चालणाऱ्याच्या अंगावर येऊन त्याला भासणारा उष्णताभार वाढला. म्हणून लेप मोकळ्या वाहनतळांवर आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या आवारांत द्यावा. स्थानकाबाहेर, बाजारात, बसथांब्यापाशी आधी झाडाची सावली हवी.

शीत फरसबंदीचा दुसरा प्रकार म्हणजे सच्छिद्र काँक्रीट. त्यात वाळू नसते किंवा नाममात्र असते. १५ ते २५ टक्के पोकळ्या पाणी खाली सोडतात. पाणी-सिमेंट प्रमाण साधारण ०.२७ ते ०.३५ ठेवतात. मिश्रण मुठीत दाबावे: लाडू वळला पाहिजे, फुटला तर पाणी कमी, बोटांतून लगदा ओघळला तर जास्त. जास्त पाण्याने लगदा तळाशी बसून छिद्रे बुजतात. अंथरल्यावर लगेच प्लास्टिकने झाकून सात दिवस ठेवावे, नाहीतर वरची खडी सुटते.

त्याचा गारवा पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, आणि आपला पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरातला. मेमध्ये पोकळ्या कोरड्या असतात. असा खडबडीत पृष्ठभाग साध्या काँक्रीटपेक्षा जास्तही तापू शकतो. इथे त्याचा खरा लाभ पावसाचे पाणी अडवण्यात आहे. वाशी-नेरूळच्या भराव घातलेल्या भागांत खाली खाडीची चिकणमाती आहे आणि पाण्याची पातळी उंच, त्यामुळे पाणी मुरत नाही. तिथे खडीच्या थरात छिद्रांचा नळ टाकून तो गटाराला जोडावा लागतो.

छिद्रे बुजतात ती मुख्यतः शेजारच्या खोदकामाच्या मातीने. झाडूने ती आणखी आत जाते. शोषयंत्राने किंवा पाण्याच्या झोताने काढावी. केबलसाठी खोदलेला चर साध्या काँक्रीटने बुजवला, की तेवढ्या पट्ट्यात पाणी उतरणे कायमचे बंद होते.