‘आतलं मूल’ जखमी कधी झालं?

‘तुमच्यातल्या लहान मुलाला जवळ घ्या’ हे वाक्य आता समुपदेशकाच्या खोलीपासून रील्सपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्यातलं मूल हमखास रडवेलं असतं. पण या कल्पनेच्या मुळाशी जावं, तर तिथे एक खेळणारं मूल भेटतं.

१९१३च्या सुमारास फ्रॉइडशी फाटल्यावर स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग पुरते सैरभैर झाले होते. दहा-अकरा वर्षांचे असताना आपण ठोकळ्यांचे किल्ले रचायचो, हे त्यांना आठवलं. मग चाळिशीला टेकलेला हा डॉक्टर रोज दुपारी जेवण आटोपलं, की झुरिकच्या सरोवराकाठी दगडगोटे गोळा करून छोटंसं गाव बांधत बसे. पेशंट येईपर्यंत खेळ चाले. आपल्याला पोरखेळ करावा लागतोय याची लाजही वाटे, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. १९४०मध्ये ‘बालक’ या आदिबंधावर, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात असलेल्या मूळ प्रतिमेवर, लिहिताना त्यांनी भर दिला तो भविष्यावर: मूल म्हणजे अजून घडायचं आहे ते.

१९५०च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न यांचा एक वकील पेशंट म्हणाला, ‘मी खरा वकील नाहीच, मी नुसता लहान मुलगा आहे.’ प्रत्येकात पालक, प्रौढ आणि बालक असतात, या बर्न यांच्या मांडणीमागे हा वकील आहे. त्यांचं बालक हट्टी होतं, तसंच गमत्या स्वभावाचंही. १९६३मध्ये ह्यू मिसिल्डाइन या मनोविकारतज्ज्ञांनी वेगळाच मुद्दा काढला: आईवडील आपल्याशी जसे वागले, तसेच आपण मोठेपणी स्वतःशी वागतो.

जखम ठळक झाली ती दारूमुळे. अमेरिकेत १९७०च्या दशकाअखेरीस व्यसनी आईबापांची मोठी झालेली मुलं एकत्र जमू लागली. लहानपणी घर सांभाळता सांभाळता त्यांचं बालपण राहूनच गेलं होतं. १९९०मध्ये समुपदेशक जॉन ब्रॅडशॉ यांनी हा विषय थेट टीव्हीवर नेला. त्यांचे वडील दारुडे, आणि ते स्वतःही त्यातून सावरलेले. आतल्या मुलाचं पत्र सवयीच्या नसलेल्या हाताने लिहायचं, ही त्यांची एक युक्ती. अक्षर वेडंवाकडं येतं, आणि आपलंच वाक्य पहिलीतल्या पोराने लिहिल्यासारखं दिसतं. मला ही युक्ती चलाख वाटते.

टीकाही लगेच सुरू झाली. सगळेच स्वतःला बळी समजू लागलेत, असं लेखिका वेंडी कॅमिनर यांनी १९९२मध्ये लिहिलं. त्याहून गंभीर प्रश्न आठवणींचा होता: लहानपणचं जे आठवतं, ते खरंच घडलेलं असतं का? मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५च्या प्रयोगात २४ जणांपैकी साधारण चौथाई लोकांना, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची कधीच न घडलेली गोष्ट थोडीफार तरी ‘आठवली’.

दवाखान्यात ही कल्पना टिकली ती मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांच्या स्कीमा थेरपीत, म्हणजे लहानपणी मनात घट्ट बसलेले साचे बदलू पाहणाऱ्या उपचारात. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या (यात भावना आणि नाती सतत अस्थिर असतात) ८६ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये तीन वर्षं चाललेल्या चाचणीत (२००६) ती तुलनेतल्या दुसऱ्या उपचारापेक्षा सरस ठरली, मध्येच सोडून जाणारेही कमी होते. या थेरपीत रुग्ण डोळे मिटून जुना प्रसंग समोर आणतो. मग थेरपिस्ट कल्पनेतच त्या प्रसंगात शिरतो, ओरडणाऱ्या मोठ्या माणसाला थांबवतो आणि मुलाला विचारतो, ‘तुला आत्ता काय हवंय?’