फ्रीजरमध्ये हार्ड डिस्क ठेवल्याने फोटो परत येतात?

‘बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, फोटो मिळतील’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. काही जुन्या डिस्कचे अडकलेले भाग थंडीने आकसून क्षणभर सुटत, म्हणून तो खरा वाटला.

पण डिस्कमधली, फोटो साठवणारी तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवरच तरंगतं. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात स्टीलची कोरडी वाटी फ्रीजरमधून काढून पाहा, लगेच घाम फुटतो. तसंच दव तबकडीवर धरलं तर हेड घासतं, आणि लग्नाचे, बारशाचे फोटो कायमचे खरवडले जातात.

टकटक आवाज आला की वीज लगेच बंद करा, पुन्हा लावून पाहू नका. डिस्क संगणकावर दिसत असेल तर आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा.