घरच्या धिरड्यात प्रोटीन किती आणि ते कसं टिकवायचं

नमस्कार.

पिठाच्या पिशवीसोबत हा कागद देतोय. वाचून झाला की डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.

गिरणीवर हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. शाळकरी मुलांच्या आया विचारतात, "पॅनकेकचं पीठ ठेवता का?" जिमला जाणारी मुलं विचारतात, "काका, सकाळसाठी प्रोटीनवालं काही आहे का?" आणि डॉक्टरांनी डाळी वाढवायला सांगितलेल्या आजी म्हणतात, "रोज वरण तरी किती खायचं?" तिघांच्याही हातात आम्ही हीच पिशवी देतो. पॅनकेक म्हणजे तव्यावर ओतून भाजलेलं सरबरीत पीठच, आणि धिरडं, घावन, आंबोळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतात. प्रोटीन किती मिळणार, हे पिठात काय कालवलंय त्यावर ठरतं.

आधी हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. 60 किलोच्या माणसाला झालं साधारण 50 ग्रॅम. सकाळच्या एक बशी पोह्यांतून त्यातले चार-पाच ग्रॅम मिळतात, दाणे सढळ हाताने घातले तर थोडे जास्त. म्हणजे उरलेलं सगळं ओझं दोन जेवणांवर पडतं, आणि डबा घेऊन धावणाऱ्या माणसाचं तिथेच कमी पडतं.

आमच्या एक किलो पिठात सालाची मूगडाळ 400 ग्रॅम, हरभरा डाळ 200, ज्वारी 200, नागली 100 आणि तांदूळ 100 ग्रॅम असतो. 100 ग्रॅम मूगडाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रोटीन, हरभरा डाळीत 21, ज्वारीत 10, तांदळात 8 आणि नागलीत 7. सगळं मिळून 100 ग्रॅम पिठात साधारण 17 ग्रॅम येतं. एका माणसाला तीन धिरडी पुरतात, त्याला 60 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 10 ग्रॅम प्रोटीन. त्यात एक अंडं फेटून घातलं तर आणखी 6. अंडं चालत नसेल तर 50 ग्रॅम पनीर किसून घाला, सुमारे 9 मिळतील. सोबत अर्धी वाटी दही घेतलं की न्याहारीतच 18 ते 22 ग्रॅमची बेगमी होते.

नुसती डाळच का नाही दळत, असंही विचारतात. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. दोन्ही एकत्र आली की शरीराला ते प्रोटीन नीट वापरता येतं. वरणभात आणि खिचडी याच जोडीवर उभी आहेत. नागलीचं प्रोटीन कमी, तरी ती आम्ही काढत नाही, कारण 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम देणारं दुसरं धान्य नाही. शिवाय पेठ-सुरगाण्याकडची नागली इथे नाशकात सहज मिळते.

बाजरी मुद्दाम घातलेली नाही. तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो, दळल्यावर पीठ लवकर कडवट होतं. सोयाबीनने आकडा झटकन वाढला असता, आम्ही घालूनही पाहिलं. पण ते नीट भाजलं-शिजलं नाही तर पचायला त्रास देतं आणि सकाळच्या घाईत तवा तेवढा वेळ तापत नाही. वासही मुलांना आवडला नाही. म्हणून बंद केलं.

पीठ कालवताना

एक लहान वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी आणि दोन चमचे दही. पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा. मग वीस मिनिटं झाकून ठेवायचं. हे वाट पाहणं टाळू नका: डाळीचं पीठ पाणी सावकाश पितं, आणि ते भिजलं नसेल तर धिरडं वरून भाजलेलं, आत कच्चं राहतं. पोटात वायू धरतो तो यामुळेही. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की कोमट पाणी घ्या आणि अर्धा तास द्या. आंबवायची गरज नाही.

सातपूर-अंबडला पहिल्या पाळीला जाणाऱ्यांनी रात्रीच कालवून फ्रिजमध्ये ठेवावं, मात्र मीठ आणि कांदा सकाळी घालावा. कांदा आधी घातला की पाणी सुटतं आणि धिरडं तव्याला धरतं. हळद, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर आवडीप्रमाणे. वरून लिंबू मात्र पिळाच, डाळीतलं लोह त्याने चांगलं अंगी लागतं. त्याच कारणाने चहा तासभराने घेतलेला बरा. सवय मोडणं अवघड आहे हे मान्य, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तवा बिडाचा असेल तर उत्तम. पाण्याचा शिपका मारल्यावर चर्र झालं की तेलाचं बोट फिरवा, आच मध्यम करा, पळीने पीठ मधून कडेकडे पसरा आणि झाकण ठेवा. कडा सुटल्या, जाळी पडली की उलथा. झाकणाशिवाय केलेलं धिरडं कोरडं होतं.

"तव्यावर प्रोटीन जळून जात नाही का?" नाही. शिजताना त्याची घडी मोडते आणि उलट ते पचायला सोपं होतं. अंडंही कच्च्यापेक्षा शिजलेलंच चांगलं पचतं. फक्त काळं होईस्तोवर करपवू नका. डब्यातली प्रोटीन पावडर पिठात मिसळणाऱ्यांसाठी एक सूचना: चमचाभरापेक्षा जास्त घातली तर धिरडं रबरासारखं चिवट होतं. ती दुधातच घ्या.

मिसळीची मटकी उरली तर

नाशकात रविवारी मिसळ आणि सोमवारी उरलेली मोडाची मटकी, हे घरोघरचं. ती भरड वाटून या पिठात कालवा, धिरडं फार खमंग होतं. एक गैरसमज मात्र सांगतो. मोड आल्यावर प्रोटीन दुप्पट होत नाही. कोरड्या मटकीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 23 ग्रॅम असतं. भिजून मोड आल्यावर वजन पाण्याने वाढतं, त्यामुळे 100 ग्रॅम मोडांमध्ये ते उलट कमीच भरतं. मोडांचा खरा फायदा म्हणजे पचन सोपं होतं आणि कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं सी जीवनसत्त्व तयार होतं.

मुलांना गोड हवं असेल तर अर्धी वाटी कणीक, दोन चमचे नागली, एक पिकलेलं केळं कुस्करून आणि एक अंडं. साखरेची गरज पडत नाही, वरून चिरलेल्या मनुका टाका. अंड्याऐवजी चक्का आणि चिमूटभर खायचा सोडा चालतो. दही टांगल्यावर खाली जमणारी निवळ ओतून देऊ नका, त्यातही थोडं प्रोटीन असतं. पीठ त्यातच कालवा.

हे नक्की वाचा

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी आणि प्रोटीन वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. या पिठात गहू नाही, पण त्याच गिरणीत आम्ही गहूही दळतो आणि जात्यात थोडं पीठ राहतंच. म्हणून ज्यांना ग्लूटेन अजिबात चालत नाही त्यांनी हे पीठ घेऊ नये. त्यांनी डाळी निवडून घरच्या मिक्सरवरच दळाव्यात, प्रमाण वर दिलंच आहे.

पीठ घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा आणि महिन्याभरात संपवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच न्या. आपलं धान्य घेऊन येणार असाल तर डाळी पुसून, दोन तास उन्हात वाळवून आणा. ओलसर डाळ जात्याला चिकटते आणि पुढच्याच्या दळणात जाते.