विकतचा कॉन्करर

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळणाऱ्या पोट्ट्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो 'ग्लेशियर' म्हणजे काय ते सांगेल. एम४१६ नावाची बंदूक खेळात सगळ्यांना फुकट मिळते, मैदानात पडलेली असते, उचलायची आणि वापरायची. ग्लेशियर म्हणजे तिच्यावर चढणारा बर्फासारखा निळा-पांढरा साज, खेळाच्या भाषेत 'स्किन'. त्यानं गोळी जास्त लागत नाही, नेम सुधारत नाही, मॅगझिनमध्ये एक गोळीही जास्त मावत नाही. तरी तो मिळवायला आधी खऱ्या रुपयांनी यूसी, म्हणजे खेळातलं चलन, घ्यावं लागतं, मग त्या यूसीनं पेट्या उघडाव्या लागतात, आणि पेटीतून ग्लेशियर निघेलच याची हमी नाही. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत सोयाबीनचा चुकारा बापाच्या खात्यात पडला की त्यातले हजार-पाचशे या पेट्यांत जातात. "पोट्टं बिघडलं" म्हणून घरचे विषय संपवतात. पण खऱ्या पैशानं यात नेमकं काय विकत घेतलं जातं, हा प्रश्न तसाच राहतो.

आधी रँक घेऊ. खेळाडूला आकड्यात तोलायची पद्धत बुद्धिबळातून आली. अर्पाड एलो हे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं १९६० साली आणि 'फिडे' या जागतिक संघटनेनं १९७० साली स्वीकारली. दोन खेळाडूंमध्ये ४०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्यानं अकरा डावांतून दहा गुण काढावेत अशी अपेक्षा धरलेली असते. तो जिंकला तर त्याला चिमूटभर गुण मिळतात, कारण ते व्हायचंच होतं. हरला तर घसघशीत कापले जातात. म्हणून हा आकडा स्वतःला दुरुस्त करत राहतो. चुकून वर गेलेला खाली येतो, खाली अडकलेला वर सरकतो.

मोबाइलवरच्या खेळांनी हाच विचार आपापल्या सोयीनं वाकवून घेतला. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस अशा पायऱ्या, मारल्याचे गुण, शेवटपर्यंत टिकल्याचे गुण, आणि सीझन बदलला की सगळ्यांना काही पायऱ्या खाली ढकलणं. सर्वात वर कॉन्करर. सर्व्हरवरचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकावरचे, पहिले पाचशे. ही जागा कंपनी थेट विकू शकत नाही. विकली तर दुसऱ्याच दिवशी त्या बिल्ल्याची पावती होईल, आणि पावतीला कोण मान देतं?

कंपनी विकत नाही, पण पोट्टे विकतात. "आयडी आहे का विकायची?" हा प्रश्न टेलिग्रामपासून तालुक्याच्या मोबाइलच्या दुकानापर्यंत कुठंही ऐकू येतो. दुसऱ्यानं कमावलेली रँक आयडीसकट, म्हणजे खेळातल्या खात्यासकट, घ्यायची, किंवा आपली आयडी एखाद्या तरबेज खेळाडूकडे देऊन पैसे मोजून वर चढवून घ्यायची. दक्षिण कोरियात हा धंदा इतका फोफावला की २०१८ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या संसदेनं त्यावर कायदाच केला. पैसे घेऊन दुसऱ्याची रँक चढवून देणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी वॉनपर्यंत दंड. ऐकायला गंमत वाटते, पण त्यामागं गणित आहे. जोडी लावताना सर्व्हर रँक पाहून सारख्या तोलाचे खेळाडू समोरासमोर आणतो. त्यात एकाची रँक खोटी असली की त्याच्या बाजूच्या तिघांचा आणि समोरच्या सगळ्यांचाच डाव नासतो. शिवाय घेणाऱ्याचंही त्यात भलं नसतं. कॉन्कररची आयडी घेऊन बसलेला कच्चा गडी कॉन्कररांच्याच तोंडी जातो, हरत हरत आपल्या मूळ जागी येतो. एलोंचा आकडा कोणाची उधारी ठेवत नाही.

म्हणून कंपन्या रँक सोडून बाकी सगळं विकतात. काही खेळ ताकदच विकतात: राज्य, सैन्य, किल्ले असलेल्या खेळांत किती पैसे टाकले त्यावर व्हीआयपी पातळी ठरते आणि ती नावापुढं सगळ्यांना दिसते. बीजीएमआय किंवा फ्री फायरसारखे खेळ मात्र मुख्यतः देखावा विकतात. याला आपल्याकडची तुलना पोळ्याची. झूल, बाशिंग, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. झुलीनं बैल पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोरात पळेल असं कोणी म्हणत नाही. शंकरपटात जोडी सेकंदावर मोजली जाते, तिथं घड्याळ बोलतं. पण पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू व्हायच्या आधीच अख्खं गाव ओळखून घेतं, यंदा कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे. स्किन ही झूल, रँक हा पट. आणि पट जिंकलेली जोडी विकत घेणारेही असतातच, फक्त ती जोडी नव्या मालकाकडेही पळते, आयडी पळत नाही.

थॉर्स्टीन वेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये लिहून ठेवलं होतं की श्रीमंतांचा बराचसा खर्च वस्तूसाठी नसतो, खर्च परवडतो हे दाखवण्यासाठी असतो. इस्रायली जीवशास्त्रज्ञ आमोट्झ झहावी यांनी १९७५ साली हीच गोष्ट प्राण्यांना लावली. मोराचा पिसारा ओझं आहे, म्हणूनच तो खरी खूण आहे. दुबळ्या मोराला ते ओझं झेपणार नाही. खूण महाग असेल तरच तिच्यावर विश्वास बसतो. उद्या ग्लेशियर सगळ्यांना वाटून टाकलं, तर बंदूक तितकीच सुंदर राहील, पण लॉबीत, म्हणजे डावाआधी खेळाडू जमतात तिथं, तिच्याकडे कोणी वळून पाहणार नाही. कंपनी जपते ती ही दुर्मिळता. रंग चढवायला तिला जवळपास काहीच लागत नाही.

आता गावाकडचा मुद्दा, जो पुण्या-मुंबईतल्या लेखांत सहसा येत नाही. रँक ही निव्वळ कौशल्याची मोजणी आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत आहे असं धरलं, तर नागपूरहून जाऊन-येऊन १४०० किलोमीटर, म्हणजे ७ मिलिसेकंद. फायबर सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रं आहेत, तरी तीस-चाळीसच्या आत काम व्हायला हवं. पण खेळाच्या कोपऱ्यात पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-यायला लागणारा वेळ, दीडशे-दोनशे दिसतो, कधी लाल होतो. हा वेळ अंतर खात नाही, शेवटचा टप्पा खातो. एका टॉवरवर चार गावं, संध्याकाळी सगळ्यांचे व्हिडिओ चालू, फोनची पाळी यायला उशीर. लाइन गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली तर मग विचारूच नका. माणसाला दिसल्यावर बोट हलवायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यावर दीडशेचा पिंग म्हणजे समोरचा नागपूरचा खेळाडू गोळी झाडून बसलेला असतो तेव्हा आपल्याला तो नुसता दिसत असतो. भर म्हणून महागड्या फोनवर सेकंदाला ९० चित्रं, स्वस्त फोनवर तीस-चाळीस.

म्हणजे पैशानं रँक मिळते की नाही, या प्रश्नाचं उत्तर यूसी टाकायच्या आधीच अर्धं 'हो' असतं. चांगला फोन आणि चांगला टॉवर हीच पहिली फी. आणि ज्याला ती परवडत नाही त्याच्यासमोर स्किनचं दुकान उघडं असतं. स्किनला पिंग लागत नाही. ग्लेशियर मारेगाव तालुक्यातही तितकंच चमकतं. मला वाटतं, गावातली पोरं शहरातल्या पोरांइतकीच शहाणी किंवा खुळी आहेत. त्यांच्यापुढं वर जायचा एक रस्ता जवळपास बंद आहे आणि दुसरा रुपये मोजून खुला आहे, एवढाच फरक.

हा वरचेपणा इतका का खुणावतो? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००५ मध्ये ऱ्हीसस माकडांवर एक मजेदार प्रयोग झाला. तहानलेल्या माकडांना दोन पर्याय होते. एकीकडे पाहिलं तर नुसता रस, दुसरीकडे पाहिलं तर रस आणि सोबत दुसऱ्या माकडाचं चित्र. टोळीतल्या वरच्या नराचा चेहरा पाहायला मिळावा म्हणून माकडं थोडा रस सोडून द्यायला तयार होती. खालच्या दर्जाच्या नराचा चेहरा पाहायला मात्र त्यांना उलट जादा रस द्यावा लागला. माणसांवरचा प्रयोग कॅरोलिन झिंक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केला. लोकांना एक साधा खेळ दिला आणि सांगितलं, हा खेळाडू तुमच्यापेक्षा वरचा, हा खालचा. ते खेळाडू खरे नव्हते, आणि त्यांच्यामुळे कोणाच्या बक्षिसात रुपयाचाही फरक पडणार नव्हता. तरी 'वरचा' समोर आला की मेंदूच्या आत खोलवर असलेला, बक्षिसाची दखल घेणारा स्ट्रायटम नावाचा भाग जागा होत होता. त्याच वर्षी जपानमध्ये केइसे इझुमा यांच्या गटाला दिसलं की पैसे मिळाल्यावर आणि अनोळखी लोकांनी चांगलं म्हटल्यावर स्ट्रायटमचा जवळपास तोच भाग उजळतो. मेंदूच्या हिशेबात कौतुक ही रोख रक्कमच आहे.

सोळा वर्षांच्या मुलात हा हिशेब आणखी तिखट. लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगांत किशोरवयीन मुलं गाडी चालवायचा खेळ एकटी असताना बेतानं खेळत होती. मित्र पाहत आहेत म्हटल्यावर धोका घेत होती. पंचविशीच्या पुढच्यांवर मित्रांचा फारसा परिणाम झाला नाही. आवर घालणारा कपाळामागचा भाग पिकायला विशी उलटून जाते. आणि गावातला स्क्वॉड म्हणजे कोण? देवळाच्या ओट्यावर शेजारी बसलेले तिघं. "त्याले खेळता नाही येत, पन आयडी पाहा ना भाऊ त्याची!" हे वाक्य कानाला लागून ऐकायला मिळतं.

पेटीचं गणित मात्र कोणी मनावर घेत नाही. समजा एखादी वस्तू निघायची शक्यता १ टक्का आहे. शंभर पेट्या उघडल्या तर ती मिळणारच, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडूनही न मिळण्याची शक्यता ३७ टक्के राहते. ९५ टक्के खात्री हवी असेल तर जवळपास तीनशे उघडाव्या लागतात. नव्याण्णव रिकाम्या गेल्या म्हणून शंभरावीची शक्यता वाढत नाही. कंपनीनं अमुक पेट्यांनंतर वस्तू देऊच असं स्वतःहून ठरवलं असेल तरच वाढते. आणि चाक फिरताना काटा मोठ्या बक्षिसाच्या शेजारच्या घरात थांबतो, ते पाहून "थोडक्यात हुकलं" असं वाटतं ना, त्याचाही अभ्यास झालाय. ल्यूक क्लार्क यांनी २००९ मध्ये केंब्रिजला दाखवलं की थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे जिंकण्याचेच भाग हलतात आणि अजून खेळावंसं वाटतं. हरल्याची खबर मेंदूपर्यंत पोचतच नाही म्हणा.

ही शक्यताही प्रामाणिक असेलच असं नाही. नेक्सॉन या कोरियन कंपनीनं 'मेपल स्टोरी' खेळात हव्याहव्याशा गोष्टी निघायची शक्यता खेळाडूंना न सांगता घटवली होती, काही जोड्यांची तर चक्क शून्यावर आणली होती. २०२४ च्या जानेवारीत तिला सुमारे १,१६० कोटी वॉन दंड झाला. बेल्जियमनं २०१८ मध्येच अशा पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडं २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी घालतो. स्किनचे पुन्हा पैसे होत नाहीत, निदान कंपनीच्या नियमांत तरी नाही, त्यामुळे यूसीची पेटी त्या बंदीत सरळ बसत नाही.

रुपयाचं यूसी का करतात, थेट रुपयेच का घेत नाहीत? ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितलं. रोखीनं देणाऱ्यांपेक्षा कार्डानं देणाऱ्यांची बोली जवळपास दुप्पट निघाली. हातातून नोट जाताना जे टोचतं, ते कार्डात बोथट होतं. यूसीत ते आणखी बोथट, कारण टोचणी एकदाच लागते आणि खर्च नंतर होत राहतो. बरं, यूसीचे गठ्ठेही असे की हवं ते घेऊन थोडे उरतातच, आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा टाकावे लागतात.

त्यात बापाच्या फोनवर यूपीआय चालू करून दिलेलं असतं पोरानंच. पिन त्याला पाठ, बापाला विचारावा लागतो. बँकेचा मेसेज इंग्रजीत येतो आणि तो वाचूनही पोरगंच दाखवतं. अशा घरात पहिला उपाय म्हणजे पिन बदलणं आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावणं. पैसे गेलेच असतील तर ऑर्डर क्रमांकासह लगेच परतावा मागावा. १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही, आणि त्यानं केलेला करार मुळातच रद्दबातल असतो हे प्रिव्ही कौन्सिल या इंग्रजांच्या काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं १९०३ सालीच सांगून ठेवलंय. हा मुद्दा अर्जात लिहायला विसरू नये.

आयडी घेताना फसलेल्यांची गोष्ट वेगळी. विकणारा पैसे घेतो, पासवर्ड देतो, आणि चार दिवसांनी आयडीला जोडलेल्या जुन्या खात्यावरून ती परत ओढून घेतो. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या फोन क्रमांकावर करता येते, पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं. पण आयडी विकणं-घेणं कंपनीच्या नियमांतच बसत नाही, आणि तक्रारीत खातं बापाचं नोंदवावं लागतं. म्हणून पोट्टे फोन करत नाहीत. पुढच्या सीझनला दुसरी आयडी पाहतात.